पटका कोणी बांधला?

करमाळ्याच्या कोर्टात माझे एक जुने बांधाचे भांडण चालू होते. दोन भाऊ, एक बांध, आणि आजोबांपासून चालत आलेला हट्ट. पुढची तारीख पदरात घेऊन मी बाहेर चहा पीत उभा होतो, तोच सोलापूरची सर्व्हिस मोटार धूळ उडवत येऊन थांबली. ड्रायव्हर बाबूभाई माझ्या चांगल्या ओळखीचा. एरवी मी दिसलो की बसल्या जागेवरून हात करायचा. त्या दिवशी तो खाली उतरला, डोक्यावरची टोपी नीट केली आणि जवळ येऊन जमिनीकडे बघत म्हणाला, "वकीलसाब, अपने डाक्टर नहीं रहे. कल दोपर को. दवाखाने में, कुर्सी पे बैठे बैठे." सोलापुरात डॉक्टर पुष्कळ आहेत, पण बाबूभाई ज्याला 'अपने' म्हणेल असा एकच होता. तरी मी "कोणते डॉक्टर?" म्हणून विचारले. तेवढाच क्षणभर वेळ मिळाला... त्याच मोटारीने मी परत निघालो. 

मी पोचलो तोवर माणसे रुद्रभूमीतून परतली होती. डॉ. मल्लिनाथ शेटे यांना मूठमाती देऊन झाली होती, आणि त्याचा लहानपणापासूनचा मित्र म्हणवणारा मी धुळीने माखलेला, शुक्रवार पेठेतल्या त्याच्या घराच्या पायरीवर उभा होतो. त्यानंतर आठवड्याभरात शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी कोण होते? ज्या गिरणीने मल्लिनाथला नोकरीवरून काढले, तिचे वकील. हार होता, तसबीर होती, समोर लोकही पुष्कळ होते. अध्यक्षांनी चष्मा पुसत सांगितले की, "रोग्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारा असा डॉक्टर आता होणे नाही." हेच वाक्य काही वर्षांपूर्वी त्यांनी भर कोर्टात उच्चारले होते. तेव्हा मात्र ते त्याचा गुन्हा म्हणून उच्चारले होते. मी उठून बाहेर आलो. लोकांना वाटले, दुःख अनावर झाले. दुःख होतेच, पण मी उठलो तो रागाने. त्याला जाऊन आता दीडेक महिना झाला, आणि हे लिहायला बसलो तरी राग गेलेला नाही. स्मृतिलेख जरा गोड असावा अशी वाचकांची अपेक्षा असते, ती माझ्याकडून पुरी होईल असे दिसत नाही.

आमची दोस्ती होटगीची. माझे वडील तिथल्या स्टेशनावर मालधक्क्यात कारकून, आणि त्याच्या वडिलांचे स्टेशनाबाहेर शेंगदाण्याचे दुकान. त्यांच्या घरात कानडी, आमच्या घरात मराठी, आणि आम्हां पोरांची भाषा दोन्हींची भेळ. मल्लिनाथ अभ्यासात बरा होता, पण त्याचा जीव तालमीत. अंगाने आडवा, खांदे असे की शाळेतला सदरा शिवणीत उसवायचा आणि त्याच्या आईची बोलणी बसायची. विहिरीवरून भरलेली घागर दोरासकट एका हाताने वर ओढून दाखवायची, ही त्याची मोठी ऐट. ती ऐट डॉक्टर झाल्यावरही सुटली नाही. मुंबईला वैद्यकी शिकून तो परत आला, सोलापुरात एका गिरणीच्या दवाखान्याचा डॉक्टर झाला, शुक्रवार पेठेत घर घेतले, तेसुद्धा म्हणे अंगणात आड आहे म्हणून. रोज सकाळी धोतराचा काचा मारून घरचे पाणी स्वतः शेंदायचा. शेजारच्या म्हातारीचे पाणीही तोच शेंदायचा. कोणी म्हटले, डॉक्टर, गडी ठेवा की, तर दंड फुगवून म्हणायचा, "मग ह्यो कशाला ठेवलाय?" असा हा आढ्यताखोर माणूस. पत्त्यांत हरला की चिडायचा, माझ्या अशिलांची नक्कल करायचा, आणि माझ्या घरची शेंगाचटणी खाताना नावे ठेवत ठेवत सगळी संपवायचा.

गिरणीतल्या दवाखान्यात त्याचे मुख्य काम औषध देणे नव्हते. औषध कंपौंडर देई. आजारपणातून उठलेला किंवा अपघात झालेला माणूस पुन्हा कामावर घ्यायचा की नाही, घेतला तर कुठल्या खात्यात, हे ठरवून शेरा मारायचा, हे त्याचे काम. हे काम वाटते तसे सोपे नाही. हाड जुळले की नाही ते बोटांना कळते, पण ज्याचे हाड जुळले तो माणूस सबंध पाळी मागासमोर उभा राहू शकेल का, हे बोटांना कळत नाही. ते त्या माणसालाच विचारावे लागते. आणि इथेच सगळी गोम होती. गिरणीच्या दारात रोज सकाळी बदलीवाले उभे असत. कोणी आला नाही, कोणी चालला नाही, की त्याच्या जागी बदलीवाला आत जायचा, आणि एकदा आत गेलेला बदलीवाला पुन्हा बाहेर येईलच असे नाही. माणसे भरणारा मुकादम, म्हणजे जॉबर, दारात उभा राहून कण्हणाऱ्या माणसाला एवढेच विचारी, "व्हतंय का?" आणि पाठीमागे बदलीवाला उभा असताना त्या प्रश्नाला उत्तर एकच असे. मग तोच माणूस दवाखान्यात आला आणि डॉक्टरनेही विचारले, "होतं का रे काम?" तर तो दुसरे काय सांगणार? "व्हतंय की, डाक्टर. झ्याक व्हतंय."

पहिली काही वर्षे मल्लिनाथनेही सगळ्यांसारखाच प्रश्न विचारला आणि सगळ्यांसारखेच शेरे मारले. आणि मग शेरा मारून कामावर पाठवलेली माणसे चार दिवसांनी झोळीत घालून परत येत. तो म्हणायचा, हे लोक खोटे बोलतात. एके दिवशी कांडी भरण्याच्या खात्यातली एक बाई आली. खांद्याचे दुखणे काढून उठली होती. हात वर जातो का? जातो की. काम होईल का? व्हईल की. तो शेरा लिहायला वळला आणि सहज त्याचे लक्ष तिच्या केसांकडे गेले. चापूनचोपून घातलेली वेणी, वर अबोलीची फुले. त्याने विचारले, वेणी छान घातलीय, कोणी घातली? बाई खुशीने म्हणाली, "लेकीनं." तू का नाही घातलीस? ती म्हणाली, "माझा हात कुटं वर जातुय?"  आपण काय बोलून गेलो ते तिच्या ध्यानात आले आणि ती रडायला लागली. त्याने तिला दुसरे, बसल्या जागेचे काम लावून दिले आणि त्या संध्याकाळी माझ्याकडे आला तो उड्या मारतच. मला म्हणाला, "अरे, ती खोटं बोलतच नव्हती. मी प्रश्न चुकीचा विचारत होतो."

त्या दिवसापासून त्याने 'होतं का' हा शब्दच टाकून दिला. तो विचारायचा, घरी कोण करतं? सकाळी पटका कोण बांधतं? अंथरूण दांडीवर कोण टाकतं? भाकरी कोण थापतं? पाणी कोण भरतं? तेलुगू विणकर आला की 'नीळ्ळु एवरु तेस्तारु', कानडी माणसाला 'नीर यार तुंबतार', मोमीन आला की 'घर में पानी कौन भरता'. अंगाच्या ताकदीविषयी माणूस साहेबासमोर फुशारकी मारतो, पण घरात पाणी कोण भरतो याविषयी खोटे बोलावे असे कोणाच्या मनातच येत नाही. तो प्रश्न त्याला औषधाचा वाटत नाही, विचारपुशीचा वाटतो. आणि त्याला उत्तर देताना माणूस आपल्या सगळ्या शरीराची हकिगत सांगून जातो. मी वकील माणूस. मी म्हटले, मल्लू, हा पुरावा होत नाही. रोगी सांगतो, तू ऐकतोस, आणि ऐकीव गोष्टीवर सर्टिफिकेट देतोस. रोगी लबाड असतात. तो म्हणाला, "असतात ना. पण कुठल्या बाजूला लबाड असतात ते बघ की. सगळा गाव म्हणतो, मजूर काम चुकवायला दुखणं सांगतो. माझ्याकडं येणारा प्रत्येक जण काम मिळवायला दुखणं लपवतोय." मी पत्ते पिसायला घेतले.

नरसय्याचे प्रकरण घडले ते याच सुमारास. नरसय्या त्याच गिरणीत मागवाला. तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या घरातला, मान खाली घालून काम करणारा माणूस. सुताने भरलेला जड रूळ, म्हणजे बीम, दोघे जण उचलून मागावर चढवत होते. जोडीदाराचा पाय घसरला आणि सगळा भार नरसय्याच्या उजव्या हातावर आला. खांदा निखळला. तो बसवला गेला, पण हात छातीच्या वर जाईना. नुकसानभरपाईचा कायदा तेव्हा नवा होता. मल्लिनाथने सर्टिफिकेट दिले, त्यात स्वच्छ लिहिले की हा माणूस माग चालवण्यास असमर्थ आहे, आणि कारण म्हणून नरसय्याने स्वतः सांगितलेली एकेक गोष्ट लिहिली: पटका बायको बांधते, आंघोळीचे पाणी बायको डोक्यावर घालते, ताटातला घास डाव्या हाताने घेतो. गिरणीने भरपाई नाकारली. प्रकरण कोर्टात आले आणि नरसय्यातर्फे मी उभा राहिलो. गिरणीचा पगार खाणारा डॉक्टर गिरणीविरुद्ध साक्ष देणार, याची गावात चर्चा झाली. मी त्याला सांगून पाहिले की, आजारी पड, परगावी जा, तुझे सर्टिफिकेट आहे तेवढे पुरे. तो म्हणाला, त्याच्या तोंडचे शब्द मी लिहिलेत, ते खरे म्हणून सांगायला मलाच यायला पाहिजे.

त्या दिवशीचे कोर्टाचे आवार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पुकारा व्हायला अवकाश होता. कडुनिंबाखाली नरसय्या उकिडवा बसला होता आणि त्याची बायको लक्ष्मव्वा त्याच्या डोक्याला नवा लाल पटका बांधत होती. साहेबासमोर जायचे, म्हणून खास नवा आणलेला. ती एकेक पीळ ओढून बसवत होती आणि तो लहान पोरासारखा मान स्थिर धरून बसला होता. मी ते पाहिले, गिरणीच्या वकिलांनी पाहिले, पट्टेवाल्याने पाहिले. मग पुकारा झाला. आधी मल्लिनाथची साक्ष झाली. उलटतपासणीत गिरणीचे वकील म्हणाले, डॉक्टर, याला हात वर नेता येत नाही हे तुम्ही कशावरून म्हणता? मल्लिनाथ म्हणाला, त्याने सांगितले म्हणून. तो खोटे सांगत नाही कशावरून? तो माझ्याशी खोटे बोलला नाही. वकील कोर्टाकडे वळून हसले आणि म्हणाले, रोग्याच्या शब्दावर असा विश्वास ठेवणारा डॉक्टर मी पाहिला नाही. तेच ते वाक्य.

त्यानंतर नरसय्या उभा राहिला. समोरच्या बाकावर गिरणीचे मॅनेजर बसले होते. त्यांना पाहताच त्याने हात जोडले, म्हणजे डावा हात उचलून उजव्याशी नेऊन टेकवला. गिरणीच्या वकिलांनी कायद्याचे काही विचारलेच नाही. मोठे हुशार गृहस्थ. त्यांनी मॅनेजरांच्या बाजूला जाऊन उभे राहत, दारातला जॉबर विचारतो त्या सुरात विचारले, "काय नरसय्या, माग चालवणं व्हतंय का?" आणि नरसय्या ताठ उभा राहिला. म्हणाला, "व्हतंय की, साहेब. दोन काय, चार माग द्या. चारबी चालवतो." कोर्टात हशा पिकला. मी मल्लिनाथकडे पाहिले. तो हसत नव्हता, रागावलाही नव्हता. त्याने माझ्याकडे बघून स्वतःच्या डोक्याकडे बोट केले. मी समजलो. फेरतपासणीला उठलो आणि विचारले, "नरसय्या, आज सकाळी पटका कोणी बांधला?" नरसय्याने उत्तर द्यायला तोंड उघडले. तेवढ्यात गिरणीचे वकील उठले, हरकत घेतली, की साक्षीदाराच्या पटक्याचा गिरणीशी काय संबंध? निवाडा करायला बसलेल्या अधिकाऱ्यांनीही हसत हसत तो प्रश्न नामंजूर केला आणि नरसय्याला खाली उतरायला सांगितले. त्याचे तोंड तसेच उघडे होते. उत्तर तोंडात आलेले होते... आणि ते कोणाला ऐकायचे नव्हते.

बाहेर आल्यावर मी नरसय्यावर तोंड सोडले. अरे, असे कसे म्हणालास? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास, आणि तुझ्यासाठी ज्याने नोकरी पणाला लावली त्याला खोटे पाडलेस. नरसय्या घामाघूम झाला होता. तो म्हणाला, "वकीलसाहेब, मालकासमोर 'न्हाय' असं आजपतूर कदी म्हटलंच न्हाय की. त्वांडातनं यीनाच." लक्ष्मव्वा पदर तोंडात धरून उभी होती. या गडबडीत त्याचा पटका सुटून गळ्यात आला होता. मल्लिनाथ पुढे झाला. त्याने मला बाजूला सारले, नरसय्याला ओट्यावर बसवले आणि भर आवारात, गिरणीचे मॅनेजर मोटारीत चढत असताना, स्वतःच्या हातांनी त्याला पटका बांधून दिला.  पीळ जरा वाकडा बसला, तो सोडून पुन्हा बांधला. दोन्ही हात वर करून, खांद्यात ताकद असलेला माणूस बांधतो तसा.

पुढचे सांगायला नवे काही नाही. भरपाई गेली. मल्लिनाथला गिरणीने खोटी सर्टिफिकेटे देणारा डॉक्टर ठरवून काढून टाकले. त्याच्या जागी आलेला डॉक्टर म्हणे फार शास्त्रीय होता. तो रोग्याला काही विचारतच नसे. दवाखान्यात त्याने लोखंडी वजने ठेवली होती, ती उचलायला लावी. आणि माणसे दात-ओठ खात, डोळे पांढरे करत, ती उचलून दाखवीत. का नाही उचलणार? बाहेर बदलीवाला उभा होता. एकदा उचलले की शेरा मिळे, काम करण्यास योग्य. घरी गेल्यावर त्या माणसाचे काय झाले ते वजनांना माहीत नसते. गिरणीने नरसय्यालाही मोठ्या मनाने परत कामावर घेतले. त्याने कोर्टात स्वतःच सांगितले होते ना. कामावर त्याने दिवाळीही काढली नाही. हात पार आखडला, आणि त्याच्या मागावर बदलीवाला उभा राहिला. लक्ष्मव्वा विड्या वळू लागली आणि नरसय्या एका हाताने पाने भिजवून देऊ लागला.

मल्लिनाथने मग घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचा दवाखाना मांडला. गर्दी तुफान. गिरणीतून सुटलेला माणूस घरी जायच्या आधी त्याच्याकडे येई, आणि वजने उचलून बिघडलेली पाठ तो नीट करी. मी चिडून काही बोललो की तो हसायचा. त्याचे ते हसणे मला खपत नसे. मी म्हणायचो, तुझ्या जागी मी असतो तर त्या वकिलाचे नाव काढू दिले नसते, आणि नरसय्याचे तोंड पाहिले नसते. तो म्हणायचा, "नरसय्या काय खोटं बोलला? विचारणाऱ्यानं जे मागितलं ते दिलं त्यानं." नरसय्या रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर येऊन बसायचा. दोघे फार बोलत नसत. एक तेलुगूत काही म्हणे, दुसरा कानडीत उत्तर देई, आणि दोघांचे भागे. मला त्या बसण्याचा थोडा हेवाही वाटे, हे लिहून टाकतो.

शेवटची भेट झाली ती मी करमाळ्याला निघायच्या आदल्या दिवशी. मला तो रस्त्यातच भेटला, सायकल हाताने ढकलत येत होता. बरेच दिवस तो सायकलवर बसताना दिसला नव्हता, पण वाटेत दर चार पावलांवर कोणी ना कोणी रोगी भेटतो, उतरण्यापेक्षा ढकललेली बरी, असे तो सांगे आणि ते खरे वाटे. डोक्यावर काळी टोपी. जन्मभर त्याने रुमाल बांधला, पिवळसर किनारीचा, ऐटीत. आणि आता टोपी? मी चेष्टा केली की, म्हातारचळ लागला काय, पुढाऱ्यांसारखी टोपी घालतोस? तो म्हणाला, जमाना बदलला, वकील, तुम्ही तेवढे मागे राहिलात. घरी गेलो, वहिनींनी चहा दिला. तो पायरी चढून खुर्चीत बसला आणि टोपी काढून तिने वारा घेऊ लागला. मला जरा वेगळे वाटले. मी म्हटले, तुझी तब्येत बरी आहे ना? "ठणठणीत," तो म्हणाला. मग मीच त्याला त्याच्या शस्त्राने गाठावे म्हणून हसत विचारले, "काय रे, आडाचं पाणी कोण शेंदतं हल्ली?"

त्याने माझ्याकडे सरळ पाहिले. डोळ्याची पापणीही हलली नाही. दंडावर थाप मारून म्हणाला, "मीच की. दुसरं कोण?" आणि मी खुशाल चहा पिऊन, चटणीवरून भांडून, करमाळ्याला निघून गेलो.

तो गेल्यावर वहिनींकडून सगळे कळले. हृदयाचे दुखणे होते. हात डोक्याच्या वर नेला की छातीत कळ यायची, चार पायऱ्या चढला की दम भरायचा. त्याला स्वतःला पहिल्या दिवसापासून समजले होते. वहिनी म्हणाल्या, "वरीस होऊन गेलं भावजी, मीच शेंदतेय पाणी. रुमाल बांधताना हात थांबायचे, म्हनून टोपी आणली. तुमाला सांगते म्हटलं तर म्हनले, नगं, त्यो वकील हाय, दवाखाना बंद करायला लावंल. म्हनले, काम सोडून बसलो की खुर्चीवर दुसरा येऊन बसंल." दुसरा! त्याच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर कोणता बदलीवाला येणार होता? पण ती भीती त्याच्या अंगात कधी शिरली कोणास ठाऊक. जन्मभर ज्यांच्यात बसला, त्यांच्यासारखाच झाला. मला याचे दुःख वाटायला हवे, पण खरे सांगतो, मला त्याचा संताप येतो. सबंध सोलापुरातल्या रंजल्यागांजल्या माणसांना जो प्रश्न विचारला आणि ज्याला एकही माणूस खोटे बोलला नाही, त्या प्रश्नाला खोटे बोलणारा एकटा तोच निघाला. आणि तेही माझ्याशी. गिरणीच्या मॅनेजरशी बोलला असता तर मी समजलो असतो.

परवा गुरुवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. कोर्टातून थेट, अंगावर काळा कोट. पुढच्या खोलीत त्याची खुर्ची तशीच आहे. गेले वर्षभर मी आलो की कोट तोच हातातून काढून घ्यायचा; त्या दिवशी जुन्या सवयीने मी कोट काढला आणि न बघताच भिंतीवर नेहमीच्या जागी टांगायला हात नेला. खुंटी नव्हती. बोटांना चुन्याने बुजवलेली खूण लागली. खाली पाहिले, तर खुंटी कमरेच्या उंचीवर ठोकलेली, आणि तिच्यावर ती काळी टोपी. इतके दिवस शोक करायला येणाऱ्या माणसांची पाठ तिच्याकडे होती, म्हणून दिसली नव्हती. मी वहिनींना विचारले, ही खुंटी खाली कोणी घेतली?

"नरसय्यानं," त्या म्हणाल्या. "गेल्या उन्हाळ्यात. ह्यास्नी हातोडा उचलवंना. ह्यांनी खुंटी धरली, त्यानं डाव्या हातानं ठोकली."

म्हणजे नरसय्याला माहीत होते. मल्लिनाथने त्याला सांगितले होते. ज्याला कोर्टात कोणी उत्तर देऊ दिले नाही, त्या माणसापाशी त्याने हे सोपवले, आणि नरसय्याने ते कोणाला कळू दिले नाही. मी कितीदा ओट्यावर त्याच्या शेजारून वर गेलो असेन. कितीदा त्याला विचारले असेल, काय नरसय्या, डॉक्टर कसे आहेत? आणि तो दर वेळी उठून उभा राहून म्हणाला असेल, बेस हाईत की, वकीलसाहेब.

वहिनी म्हणाल्या, खुंटी आता वर घ्यायला सांगते, खाली कुणाच्या उपयोगाची? मी नको म्हणालो. टोपी जरा सरकवली आणि माझा कोट तिथेच टांगला. तो लांब असल्याने जमिनीवर लोळला आणि त्याला धूळ लागली. ओट्यावर नरसय्या बसलेला होता, एकटाच. मी बाहेर जाऊन त्याच्या शेजारी बसलो. त्याच्या डोक्याला पटका होता. कोणी बांधला, ते मी विचारले.

"लक्ष्मव्वानं," तो म्हणाला.